सकाळचं शेड्यूल दुपारी का मोडतं? उत्पादन नियंत्रण प्रणालीत वारंवार येणारी अडचण कशी शोधावी

शिफ्ट सुरू होताना प्रत्येक मशीनसमोरच्या स्क्रीनवर डिस्पॅच लिस्ट येते, म्हणजे कोणता जॉब कोणत्या क्रमाने घ्यायचा त्याची यादी. पहिले काही तास काम तिच्याप्रमाणे चालतं. दुपारनंतर मात्र सुपरवायझरच्या हातात स्वतःची वही असते आणि मशीनवर लागलेला जॉब लिस्टमध्ये पाचवा-सहावा असतो. स्क्रीन म्हणते ऑपरेशन २० (जॉबची एक क्रमांकित पायरी) चालू आहे, जॉब प्रत्यक्षात ऑपरेशन ४० च्या रांगेत उभा असतो. संध्याकाळी प्लॅनिंगवाले नवं शेड्यूल काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडतं.

अशा वेळी बैठकीत पहिली मागणी येते ती शेड्यूलर, म्हणजे कामाचा क्रम ठरवणारं सॉफ्टवेअर, बदलण्याची. अल्गोरिदम जुना झालाय, दुसरं सॉफ्टवेअर घ्या, किंवा निदान दर तासाला रीप्लॅन करा. माझं मत स्पष्ट आहे: शेड्यूलरला सगळ्यात शेवटी हात लावावा. फ्लोअरची जी स्थिती त्याला कळवली जाते, ऑपरेशनचे जे वेळ दिले जातात आणि जितकं काम समोर ठेवलं जातं, त्यावरूनच तो उत्तर काढतो. या तिन्हींपैकी एक गोष्ट चुकीची असली तरी चांगल्यात चांगला अल्गोरिदम चुकीचाच क्रम देणार.

म्हणून तपासणी या क्रमाने करा: प्रणालीला काय दिसतं, ती काय गृहीत धरते, किती काम आत सोडते आणि शेवटचा निर्णय कोण घेतं. क्रम उलटा करू नका. पहिल्या टप्प्यात गडबड असेल तर पुढच्या टप्प्यांसाठी तुम्ही जो डेटा काढाल तोच विश्वासाचा नसतो.

यादी घेऊन फ्लोअरवर जा

एक सेल, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनचा गट, निवडा. एमईएसच्या (फ्लोअरवरच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) स्क्रीनवर त्या सेलमध्ये ठरावीक क्षणी कोणते जॉब कुठे आहेत याची प्रिंट काढा आणि लगेच फ्लोअरवर जाऊन प्रत्येक जॉब डोळ्यांनी शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे. तफावत दिसली की ती कोणत्या दिशेची आहे ते प्रत्येक जॉबपुढे लिहा, कारण दिशेवरून कारण कळतं.

फ्लोअर पुढे आणि स्क्रीन मागे असेल, तर फ्लोअरवर घडलेली घटना प्रणालीपर्यंत पोचलेली नाही किंवा उशिरा पोचली आहे. स्क्रीन पुढे आणि फ्लोअर मागे असेल, तर एकच घटना दोनदा नोंदली गेली आहे, किंवा पुढचं ऑपरेशन पूर्ण झालं की मागची सगळी आपोआप बंद करणारी बॅकफ्लश सेटिंग चालू आहे, किंवा शिफ्ट संपताना कुणीतरी सगळे जॉब एकदम बंद केले आहेत. जॉब फ्लोअरवर आहे पण यादीतच नाही, किंवा यादीत आहे पण सापडतच नाही, तर प्रश्न ओळखीचा आहे. आणि सगळं तंतोतंत जुळूनही शेड्यूल मोडत असेल, तर इथे वेळ घालवू नका, थेट ऑपरेशनच्या वेळांकडे आणि लोडकडे वळा.

ही फेरी दुपारी मारा. सकाळी मारलीत तर बहुतेक जुळतं, कारण रात्री कुणीतरी हाताने आकडे दुरुस्त केलेले असतात. हाताने दुरुस्ती कोण करतं, कधी करतं आणि रोज किती नोंदी बदलतं हे त्याच वेळी विचारून घ्या. तेवढ्या नोंदी प्रणालीतून रोज निसटतात, असं धरून चाला.

हरवणारा सिग्नल

फ्लोअर पुढे आणि स्क्रीन मागे, ही तफावत सगळ्यात जास्त आढळते, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

मशीनचं सायकल संपलं की पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) ‘पार्ट पूर्ण’ हा बिट, म्हणजे चालू-बंद सिग्नल, १ सेकंद चालू ठेवतो आणि मग बंद करतो, असं समजा. वरचा संगणक दर १ सेकंदाने तो बिट वाचतो. कागदावर दोन्ही आकडे जुळतात आणि चाचणीच्या दिवशी एकही पार्ट हुकत नाही, कारण त्या दिवशी नेटवर्कवर ते एकच मशीन असतं. पुढे त्याच संगणकाला आणखी मशीन जोडली जातात आणि एक फेरी पूर्ण व्हायला १.२५ सेकंद लागू लागतात. आता दोन वाचनांमध्ये जी पाव सेकंदाची फट पडते, तिच्या हिशेबाने सरासरी दर पाचांतला एक सिग्नल हुकतो. नेटवर्क मोकळं असताना काहीच हुकत नाही आणि गर्दी झाली की हुकायला लागतं. तक्रार नेहमी भर शिफ्टमध्येच का येते आणि रात्री इंजिनिअरने तपासलं की सगळं ठीक का दिसतं, त्याचं उत्तर इथे आहे.

पोलिंगचा, म्हणजे ठरावीक वेळाने बिट वाचण्याचा, वेग वाढवणं हा यावरचा उपाय नाही. त्याने नेटवर्कवरचा भार वाढतो आणि अडचण पुढे ढकलली जाते. उपाय दोन आहेत. पहिला हँडशेकचा: पीएलसीने बिट चालू करायचा आणि वरून पोच येईपर्यंत चालूच ठेवायचा. वरच्या संगणकाने घटना डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावरच पोच द्यायची, आधी नाही. पोच मिळाली की पीएलसीने बिट खाली घ्यायचा आणि तो खाली गेलेला पाहून संगणकाने पोच मागे घ्यायची. या चार पायऱ्यांतली एकही गाळू नका. शेवटची गाळली की पुढच्या पार्टला जुनीच पोच मिळते आणि तो पार्ट नोंद न होता निघून जातो.

दुसरा उपाय काउंटरचा, आणि मोजणीपुरता मला तो जास्त आवडतो. पीएलसीने बिटऐवजी सतत वाढत जाणारा आकडा ठेवायचा. वाचन थोडं उशिरा झालं तरी मागच्या आणि आताच्या आकड्यातला फरक सगळं सांगतो, एकही पार्ट हरवत नाही. दोन गोष्टी मात्र आधी ठरवून ठेवा. १६ बिटांचा काउंटर ६५५३५ नंतर पुन्हा ० वर येतो, आणि चिन्हांकित असेल तर ३२७६७ नंतर थेट ऋण होतो. फरक काढताना याचा विचार केला नसेल तर एके दिवशी त्या मशीनने हजारो पार्ट काढले किंवा परत घेतले अशी नोंद दिसते. दुसरं म्हणजे पीएलसी रीस्टार्ट झाल्यावर काउंटर टिकतो की शून्यावर येतो. टिकत नसेल तर रीस्टार्टची स्वतंत्र नोंद लागते, नाहीतर गुंडाळी फिरली (काउंटर भरून पुन्हा ० वर आला) की वीज गेली हे वरून कळत नाही.

ओपीसी यूए (मशीन आणि संगणक यांच्यातल्या डेटाच्या देवाणघेवाणीचं मानक) वापरत असाल तर सबस्क्रिप्शनमधले तीन आकडे उघडून पाहा: सॅम्पलिंग इंटरव्हल (किती वेळाने मूल्य टिपायचं), पब्लिशिंग इंटरव्हल (किती वेळाने वर पाठवायचं) आणि क्यूची लांबी (मधे किती बदल साठवायचे). सॅम्पलिंग १०० मिलिसेकंदांनी, पब्लिशिंग १ सेकंदाने आणि क्यूची लांबी १ असेल, तर सेकंदभरात टिपलेल्या बदलांपैकी फक्त शेवटचा वर पोचतो. बिट चालू होऊन बंद झाला असेल तर वरच्या संगणकाला काही घडल्याचं कळतच नाही. सेटिंग वेगवान दिसतं आणि घटना तरीही हरवतात, म्हणून ही चूक बराच काळ लपून राहते.

हरवण्याच्या उलट बाजूला दुहेरी नोंद असते. संगणकाने घटना लिहिली, पोच वाटेत हरवली, पीएलसीने घटना पुन्हा पाठवली. हे होणारच, ते टाळता येत नाही. म्हणून प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो क्रमांक आधीच लिहिलेला असेल तर दुसरी नोंद गाळा. मशीन क्रमांक आणि काउंटरचं मूल्य मिळून असा क्रमांक सहज तयार होतो, फक्त गुंडाळी आणि रीस्टार्ट ओळखणारा एखादा अंक त्याला जोडा.

घड्याळं आणि तुटलेलं नेटवर्क

घटना पोचतात पण क्रम उलटा दिसतो, म्हणजे ‘पूर्ण’ आधी आणि ‘सुरू’ नंतर, असं होत असेल तर घड्याळं तपासा. प्रत्येक कंट्रोलर आणि सर्व्हर एकाच एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरची घड्याळं जुळवणाऱ्या सर्व्हरशी) जुळलेला हवा.

त्याहून जास्त घोळ नेटवर्क तुटल्यानंतर होतो. मशीनजवळच्या एज संगणकाने वीस मिनिटांच्या घटना साठवून ठेवल्या आणि जोडणी परत आल्यावर सगळ्या एकदम वर पाठवल्या. एमईएसने पोचण्याची वेळ हीच घटनेची वेळ धरली, तर इतिहासात वीस मिनिटं मशीन रिकामी आणि मग काही सेकंदांत डझनभर पार्ट, असं चित्र उमटतं. याच इतिहासावरून पुढे कुणीतरी सायकल टाइम काढतो. घटना जिथे घडली तिथली वेळ तिच्यासोबत वर गेली पाहिजे आणि हिशेबात तीच वापरली पाहिजे. ओपीसी यूएमध्ये सोर्स टाइमस्टॅम्प आणि सर्व्हर टाइमस्टॅम्प वेगळे दिलेले असतात ते याचसाठी.

जोडणी परत येताच डिस्पॅच लिस्ट लगेच सोडू नका. साठलेल्या घटना आत येऊ द्या, प्रत्येक मशीनला आता तुझ्यावर कोणता जॉब आहे हे विचारून घ्या आणि मगच पुढचा जॉब द्या. प्रणालीच्या आराखड्यात ही पायरी नसेल तर दर खंडानंतर काही जॉब चुकीच्या जागी दिसत राहतील. हार्टबीटही, म्हणजे जोडणी जिवंत असल्याचा ठरावीक वेळाने येणारा सिग्नल, हवाच. मशीन थांबलंय आणि मशीनशी बोलणंच थांबलंय, या दोन अवस्था स्क्रीनवर वेगळ्या दिसल्या नाहीत तर ऑपरेटरचा स्क्रीनवरचा विश्वास उडतो, आणि एकदा उडाला की परत मिळवायला फार कष्ट पडतात.

जॉबची ओळख

पार्टला ओळख नाही आणि पॅलेटला आहे, अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते. पॅलेटवरून पार्ट काढून दुसऱ्या पॅलेटवर ठेवला की ओळख मागे राहते. रिवर्कला गेलेला पार्ट, लॉट दोन भागांत तोडणं आणि तपासणीसाठी बाजूला काढलेला नमुना, या तीन हालचालींना स्क्रीनवर सोपं बटण आहे का ते पाहा. नसेल तर ऑपरेटर ती हालचाल नोंदवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

इथेच एकात्मिक उत्पादनाचा खास त्रास येतो. डिझाइन, प्रोसेस प्लॅनिंग, सीएनसी प्रोग्राम, एमआरपी (माल आणि जॉब कधी सोडायचे याचं नियोजन करणारी प्रणाली) आणि फ्लोअर एका साखळीत जोडलेले असतात, पण बदल सगळ्या कड्यांमधून एकाच वेळी सरकत नाही. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली, प्रोग्राम नवा झाला, राउटिंग (ऑपरेशनचा ठरलेला क्रम आणि वेळ) जुनंच राहिलं. नव्या प्रोग्राममध्ये एक ऑपरेशन कमी असतं आणि प्रणाली त्या ऑपरेशनच्या पूर्ण होण्याची वाट बघत बसते. जॉब फ्लोअरवर सोडतानाच ड्रॉइंग, राउटिंग आणि प्रोग्राम यांच्या आवृत्त्या एकत्र बांधून टाका आणि तो जॉब संपेपर्यंत त्या बदलू देऊ नका.

प्रणालीने गृहीत धरलेले वेळ

स्थिती जुळली, आता वेळ तपासा. राउटिंगमधल्या ऑपरेशनचे वेळ बहुधा अंदाजाने किंवा कधीकाळी केलेल्या टाइम स्टडीवरून आलेले असतात. आता तुमच्याकडे विश्वासाच्या घटना आहेत, तर प्रत्येक ऑपरेशनचे प्रत्यक्ष वेळ त्यांतूनच काढा. फक्त सरासरी काढू नका. मधलं मूल्य आणि दहांतले नऊ जॉब ज्याच्या आत संपतात ते मूल्य, दोन्ही शेजारी ठेवा. मधलं मूल्य राउटिंगशी जुळतं पण दुसरं त्याच्या दुपटीवर जातं, अशी ऑपरेशन्स दुपारचं शेड्यूल मोडतात. टूल तुटणं, छोटे थांबे, पहिल्या पार्टच्या मंजुरीची वाट, हे सगळं त्या शेपटीत असतं.

मोजताना ‘सुरू’ म्हणजे नक्की काय याची खात्री करा. ऑपरेटरने जॉब स्कॅन केला आणि फिक्श्चर (मशीनवर पार्ट धरून ठेवणारं साधन) यायला चाळीस मिनिटं लागली, तर ती चाळीस मिनिटं ऑपरेशनच्या वेळेत मोजली जातात. मग कुणीतरी राउटिंगमधला वेळ वाढवतो आणि फिक्श्चरची टंचाई कायमची त्या आकड्यात दडून जाते.

सेटअपचा वेळ आधीच्या जॉबवर अवलंबून असेल तर एकच सरासरी आकडा चालत नाही. जॉबचे गट पाडून गटातून गटात जाण्याचा तक्ता द्या, तो ढोबळ असला तरी बरा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. शेड्यूलरला बहुतेक वेळा फक्त मशीनची क्षमता माहीत असते. पण जॉब सुरू व्हायला मशीनसोबत फिक्श्चर, टूल, प्रोग्राम, सेटर (मशीन कामासाठी तयार करणारा कामगार) आणि तपासणी एवढं सगळं लागतं. एकच फिक्श्चर दोन मशीनवर एकाच वेळी लावलेलं शेड्यूल मी अनेकदा पाहिलं आहे, आणि गणिताच्या दृष्टीने ते निर्दोष होतं. रांग कुठे साठते ते फ्लोअरवर जाऊन पाहा. ती मशीनसमोर नसून मोजमापाच्या सीएमएम यंत्रासमोर किंवा टूलची मापं आधी ठरवणाऱ्या टूल प्रीसेटरसमोर असेल, तर तुमचा खरा बॉटलनेक, म्हणजे सगळं काम जिथे अडतं ती जागा, शेड्यूलरच्या मॉडेलमध्येच नाही. आधी तो मॉडेलमध्ये आणा.

जास्त काम आत सोडणं

स्थिती बरोबर, वेळ बरोबर, तरीही शेड्यूल मोडतंय. मग डब्ल्यूआयपी मोजा, म्हणजे फ्लोअरवर अडकलेला अर्धवट माल.

रांगेचं गणित इथे निष्ठुर आहे. १९६१ साली किंगमन यांनी मांडलेल्या अंदाजी सूत्रानुसार मशीनपुढची सरासरी प्रतीक्षा तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते: वापराचं प्रमाण, चढउतार आणि एका जॉबचा वेळ. वापराचा भाग म्हणजे वापर भागिले शिल्लक क्षमता. वापर ८० टक्के असेल तर तो गुणक ४, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. एका जॉबला सरासरी २० मिनिटं लागत असतील आणि चढउताराचा गुणक १ धरला, तर प्रतीक्षा अनुक्रमे ८०, १८० आणि ३८० मिनिटं होते. प्रत्येक मशीन ९५ टक्के भरून दाखवणारं शेड्यूल बैठकीत छान दिसतं, पण पहिला छोटा थांबा आला की सावरायला त्यात जागा नसते.

त्याच वर्षी जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम याच्या जोडीला ठेवा. फ्लोअरवरचे जॉब भागिले रोज बाहेर पडणारे जॉब म्हणजे सरासरी लीड टाइम. फ्लोअरवर २४० जॉब आहेत आणि रोज ४० बाहेर पडतात, तर सरासरी जॉब ६ दिवस आत राहणार. कोणताही शेड्यूलर हा भागाकार बदलू शकत नाही. तो फक्त कुणाला पुढे काढायचं ते ठरवतो, आणि एकाला पुढे काढलं की दुसरा मागे पडतो.

इथून एक दुष्टचक्र सुरू होतं, आणि दर काही महिन्यांनी तीच तक्रार परत का येते याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. जॉब उशिरा निघतात, म्हणून कुणीतरी एमआरपीतला लीड टाइम ६ दिवसांवरून ८ करतो. एमआरपी आता तेच जॉब दोन दिवस आधी सोडते. फ्लोअरवर माल वाढतो आणि बाहेर पडण्याचा वेग तोच राहतो, त्यामुळे खरा लीड टाइमही वाढतो. जॉब पुन्हा उशिरा निघतात, आणि पुन्हा कुणीतरी तो आकडा वाढवतो. एमआरपीतले लीड टाइम कधी आणि किती बदलले याचा इतिहास काढा. आकडे सतत वरच चढलेले दिसले तर तुम्ही या चक्रात आहात.

सुटका एकच: काम तारखेवरून आत सोडणं थांबवा आणि फ्लोअरवर किती माल आहे ते बघून सोडा. स्पीअरमन, वुड्रफ आणि हॉप यांनी १९९० मध्ये मांडलेली कॉनविप पद्धत मिश्र उत्पादनासाठी सोयीची आहे. एकूण जॉबना मर्यादा घालायची, आणि एक बाहेर पडला की एक आत. प्रत्येक पार्टसाठी वेगळं कार्ड लागणारी कानबान पद्धत शेकडो प्रकारांचे पार्ट असले की अवजड होते. बॉटलनेकच्या वेगाने काम आत सोडणारी गोल्डरॅट यांची ड्रम-बफर-रोप पद्धत बॉटलनेक स्थिर असेल तिथे चांगली चालते. तुमचा बॉटलनेक प्रॉडक्ट मिक्सनुसार फिरत असेल तर एकूण मालावरची मर्यादा जास्त सुरक्षित.

मर्यादा किती ठेवायची? खालची सीमा हिशेबाने मिळते: बॉटलनेकचा वेग गुणिले प्रतीक्षा वगळून लागणारा निव्वळ प्रक्रियेचा वेळ. बॉटलनेक तासाला ६ जॉब काढतो आणि एका जॉबला निव्वळ ५ तास लागतात, तर ३० जॉब ही आदर्श परिस्थितीतली किमान संख्या. खऱ्या फ्लोअरवर चढउतार असतात, म्हणून त्याहून बऱ्याच वर राहावं लागतं. आज जितके जॉब आत आहेत तिथून सुरुवात करा आणि टप्प्याटप्प्याने खाली या. बॉटलनेक रिकामा राहायला लागला की एक टप्पा वर जाऊन थांबा. पहिल्या आठवड्यात सुरुवातीच्या मशीन रिकाम्या दिसतील आणि विरोध होईल. त्या रिकाम्या दिसल्या तरी बाहेर पडणाऱ्या जॉबची संख्या कमी झाली नाही, हे रोज आकड्याने दाखवत राहा.

किती वेळा रीप्लॅन करायचं आणि कुणी

दर घटनेला सगळं शेड्यूल नव्याने काढणाऱ्या प्रणालीत सेटरने फिक्श्चर आणून ठेवलं की जॉब बदलतो, आणि पुढच्या वेळी तो फिक्श्चर आणतच नाही. जवळचा काळ गोठवा. किती, ते तयारीला लागणाऱ्या वेळावर ठरतं: टूल आणि फिक्श्चर जमवायला दोन तास लागत असतील तर पुढचे किमान दोन तास क्रम बदलायचा नाही. सबंध रीप्लॅन फक्त बॉटलनेक बंद पडला, तातडीचा जॉब आला किंवा माल नाकारला गेला, अशा मोजक्या कारणांसाठीच.

बाकी छोटे निर्णय खालच्या पातळीवर सोडा. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने १९८० च्या दशकात उभारलेल्या प्रायोगिक स्वयंचलित कारखान्यात फॅसिलिटी, शॉप, सेल, वर्कस्टेशन आणि इक्विपमेंट अशी पाच पातळ्यांची उतरंड होती. आज आयएसए-९५ मानकात पातळ्या वेगळ्या पद्धतीने मांडल्या जातात: तिसऱ्या पातळीवर उत्पादनाचं व्यवस्थापन, चौथ्या पातळीवर व्यवसायाचं नियोजन. पातळ्या आखणं सोपं असतं. खरी अडचण येते ती एकाच रांगेचा क्रम दोन पातळ्या ठरवू लागल्या की. ईआरपीतून, म्हणजे कंपनीच्या व्यवसायाच्या प्रणालीतून, प्राधान्याचा आकडा येतो, एमईएसमध्ये डिस्पॅचचा नियम असतो आणि सेल कंट्रोलरमध्ये आणखी एक नियम कुणीतरी लिहिलेला असतो. प्रत्येक रांगेचा क्रम शेवटी कोण ठरवतं हे लिहून काढा. दोन नावं आली तर एक काढून टाका.

डिस्पॅचचा नियम निवडताना एवढं पुरे: एका मशीनवर सगळ्यात छोटा जॉब आधी घेतला तर जॉब आत राहण्याचा सरासरी वेळ सगळ्यात कमी होतो, पण मोठे जॉब तिष्ठत राहतात. जवळची देय तारीख आधी घेतली तर सगळ्यात जास्त उशीर झालेल्या जॉबचा उशीर कमीत कमी राहतो. नियम कोणताही घ्या, तो ऑपरेटरला एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

सगळं हिरवं, पण काही हलत नाही

लवचीक उत्पादन सेलमध्ये आणखी एक प्रकार शेड्यूल मोडल्यासारखाच दिसतो. पहिल्या मशीनवर पार्ट पूर्ण झालाय आणि त्याला दुसऱ्या मशीनवर जायचंय. दुसऱ्या मशीनवरचा पार्टही पूर्ण झालाय आणि त्याला पहिल्यावर यायचंय. मध्ये बफर, म्हणजे पार्ट तात्पुरता ठेवायची जागा, नाही. एकही अलार्म वाजत नाही, दोन्ही मशीन तयार दिसतात आणि सेल उभा राहतो. संगणकशास्त्रात हा डेडलॉक म्हणून ओळखला जातो. १९७१ मध्ये कॉफमन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चार अटी मांडल्या: एक जागा एकालाच, धरलेली जागा न सोडता दुसरीची वाट पाहणं, जागा जबरदस्तीने काढून न घेता येणं आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ. एक अट मोडली की डेडलॉक होत नाही.

व्यवहारात दोन उपाय चालतात. एक, अशा वर्तुळात जितक्या जागा आहेत त्यापेक्षा किमान एक पार्ट कमी आत घ्यायचा. दोन, सेल कंट्रोलरने नवा पार्ट आत घेण्याआधी आतले सगळे पार्ट बाहेर पडू शकतील असा निदान एक क्रम उरतो का ते तपासायचं. पहिला उपाय थोडी क्षमता खातो, पण वर्तुळं एकमेकांत गुंतलेली नसतील तर समजायला आणि पडताळायला तो सोपा आहे. छोट्या सेलसाठी मी तोच सुचवेन.

आज तो सेल कसा सुटतो ते मात्र नक्की पाहा. ऑपरेटर सेल मॅन्युअलवर घेतो, एक पार्ट उचलून टेबलावर ठेवतो आणि ऑटो पुन्हा चालू करतो. प्रणालीच्या लेखी तो पार्ट अजून मशीनवरच असतो. मॅन्युअलमधून ऑटोत परतताना पॅलेटवर काय आहे याची पुष्टी घेणारी एक स्क्रीन असली तर हे टळतं.

दुरुस्ती टिकली का हे कसं कळेल

एकूण नगांवरून शेड्यूल पाळलं गेलं की नाही ते ठरवू नका. सोपे जॉब आधी उरकून नग भरून काढता येतात. बॉटलनेकवर जॉब ज्या क्रमाने सुरू व्हायचे होते त्याच क्रमाने किती सुरू झाले, हे रोज मोजा. त्याच्या शेजारी हाताने केलेल्या दुरुस्त्यांची रोजची संख्या आणि फ्लोअरवरचे एकूण जॉब, असे तीनच आकडे ठेवा. हाताच्या दुरुस्त्या वाढल्या तर घटना आणि ओळख पुन्हा तपासा. जॉबची संख्या वाढली तर मर्यादा कुणीतरी ओलांडतंय. क्रम बिघडला आणि बाकी दोन स्थिर असतील, तर राउटिंगचे वेळ किंवा फिक्श्चरची उपलब्धता बदलली आहे.

तिन्ही आकडे चांगले आहेत आणि तरीही ग्राहकाला माल उशिरा जातोय, असं झालं तर फ्लोअरवर शोधू नका. ऑर्डर घेताना दिलेली तारीख शिल्लक क्षमता बघून दिली जाते की ठरावीक दिवस मिळवून, ते विक्री विभागाच्या स्क्रीनवर जाऊन पाहा.